शनिवारचा ठोका

आमच्या ह्यांची टाळी मी हजारांत ओळखते. ही नुसती बोलायची रीत नव्हे. समुद्राकाठच्या आमच्या सभागृहात दोन हजार दोनशे खुर्च्या आहेत, आणि अकराव्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर हे बसतात. पहिल्या दोन टाळ्या सुट्या, मध्ये एक श्वास जाईल एवढं अंतर, मग तिसरीपासून धावत्या. त्या दोन सुट्या पडल्या की बाकीच्या सगळ्यांचे हात सुटतात.

ह्यांना पगार त्याचाच मिळतो. हजेरीपटावर ‘प्रेक्षागृह सहायक’ असं भारदस्त लिहिलंय, पण काम एकच, वादन संपलं की टाळी सुरू करायची. यात कसलं आलंय काम, असं कुणाला वाटत असेल तर त्याने आमचे श्रोते बघावेत. इस्त्रीचे कपडे घालून येतात, कार्यक्रमपत्रिका हातात उलटी धरतात, आणि वादन संपलंय की वादक नुसते पान उलटताहेत हे त्यांच्या बापाला कळत नाही. पण चुकीच्या जागी टाळी वाजवण्यापेक्षा मेलेलं बरं, हे मात्र सगळ्यांना कळतं. सभागृह उघडलं त्या वर्षी एका बड्या पाहुण्याच्या वादनात लोकांनी मध्येच टाळ्यांचा पाऊस पाडला, आणि पाहुणा वाद्य पेटीत घालून चालता झाला. त्याचा सगळ्यांनी असा धसका घेतला, की पुढच्या कार्यक्रमाला शेवट होऊन गेला तरी कुणी बोट हलवेना. वादक आणि श्रोते पाच मिनिटं एकमेकांकडे बघत बसले होते म्हणे.

तेव्हा हे सभागृहात दिव्यांचं काम करायचे. सगळ्या तालमी शिडीवर बसून ऐकलेल्या, त्यामुळे कुठला तुकडा कुठे संपतो ते तोंडपाठ. व्यवस्थापक म्हणाले, “शिडीवरून उतरा आणि खुर्चीत बसा.” तेव्हापासून सव्वीस वर्षं हे खुर्चीत आहेत, आणि एकदाही चुकले नाहीत. हे गुपित ऑफिसाबाहेर गेलं नाही. श्रोत्यांना वाटतं, आपल्याला संगीत कळतं.

आता दुसरं गुपित. ह्यांना चार वर्षांपासून ऐकू येत नाही.

लग्नाला बत्तीस वर्षं झाली. त्यातली अठ्ठावीस वर्षं माझं बोलणं ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, त्यामुळे खरंच ऐकू येईनासं झालंय हे कळायला मला सहा महिने लागले. त्या दिवशी स्वयंपाकघरात माझ्या हातून पातेल्यांची अख्खी चळत कोसळली आणि हे पाठमोरे बसून शांतपणे बुटाला पॉलिश करत राहिले. मी समोर जाऊन उभी राहिले. ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, “कुणाला सांगू नकोस.” मग आम्ही दोघं रडलो. मी जास्त रडले, कारण ते ऐकू जात नव्हतं.

पण गडी हुशार. माझे ओठ वाचायला महिनाभरात शिकले. सभागृहातली जमीन लाकडी आहे, सगळं खालून पायात येतं. मी त्यांना अगदी पातळ तळव्याचे बूट आणून दिले. बाकीचं काम डोळे करायचे. संचालकांच्या खांद्यांवरून, वादकांच्या कोपरांवरून ह्यांना शेवट दिसायचा. कान असलेल्या माणसाने चूक केली असती, ह्यांनी केली नाही.

लेकीला मात्र सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली होती. आमची एकुलती एक लेक, घरचं नाव भिंगरी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव ठेवलं, आणि पोरीने निवडलं काय, तर वाद्यवृंदातला मोठा ढोल. माणसाएवढा उंच ढोल, आणि तो वाजवणाऱ्याने बहुतेक वेळ गप्प उभं राहायचं असतं. शिकायला चार वर्षं परगावी होती. या हंगामात परत आली ती आमच्याच वाद्यवृंदात, पण कच्च्या नेमणुकीवर. राहायला मैत्रिणीबरोबर वेगळी खोली, रविवारी जेवायला आमच्याकडे. त्या जेवणात हे एकटेच बोलायचे. ज्याला ऐकू येत नाही त्याने समोरच्याला बोलू देऊ नये, एवढं साधं गणित. पोर मला म्हणायची, “बाबा म्हातारपणी बडबडे झालेत गं.”

“सांगून टाका की तिला,” मी एकदा म्हटलं.

“आणि तिने वाजवताना काय विचार करायचा? आपला बाप समोर बसलाय आणि त्याला काडीचं ऐकू येत नाही, हा?” हे म्हणाले. “एकदा पक्की होऊ दे. मग सांगू.”

पक्की होणं काठीवाल्या साहेबांच्या हातात होतं. म्हणजे वाद्यवृंदाचे संचालक. माणूस सत्तरीचा, नावाजलेला, आणि पापणी मिटून वाद्यवृंद चालवण्याबद्दल प्रसिद्ध. ढोलाच्या जागेवरून त्यांनी आधी तिघांना घरी पाठवलं होतं. भिंगरीची कसोटी हंगामाच्या शेवटच्या दोन कार्यक्रमांत होती. शनिवारी दुपारी चार आणि रविवारी दुपारी चार, दोन्ही दिवस तोच तुकडा. पंचावन्न मिनिटांच्या त्या तुकड्यात ढोलाला काम किती, तर एक ठोका. अगदी शेवटी सगळी वाद्यं एकेक करून थांबतात, साहेबांचा हात वर तसाच राहतो, मनातल्या मनात सात मोजायचे, मग हात खाली येतो आणि ढोल वाजतो. एकच, खोल. तो विरला की संपलं. पंचावन्न मिनिटं ताटकळायचं आणि एका ठोक्यावर नोकरी. आमच्या पोरीने महिनाभर घास गोड लागू दिला नाही, स्वतःलाही आणि आम्हालाही.

मी हे सगळं ऐकते ते तळघरात. मी क्लोकरूम सांभाळते, म्हणजे लोकांचे कोट, छत्र्या, पिशव्या ठेवून घेते आणि पितळेचे बिल्ले देते. गर्दी कधी सुटणार ते कळावं म्हणून माझ्या खिडकीवर एक छोटा स्पीकर बसवलाय, त्यातून वरचं सगळं येतं. पाठीमागच्या भिंतीपलीकडे सरळ समुद्र आहे. उधाणाच्या भरतीला लाट भिंतीवर अशी बसते की माझे हँगर एकमेकांवर वाजतात. म्हणून मी भिंतीवर भरती-ओहोटीचं पत्रक चिकटवलंय. त्या वेळी चांगले कोट मागच्या दांडीवर टांगत नाही, ओल धरते. शनिवारी भरती होती पाच वाजता. मी पत्रक वाचलं, कोट पुढच्या दांडीवर घेतले आणि आपण फार दक्ष आहोत असं स्वतःला वाटून घेतलं. वर काय होणार आहे हे डोक्यात आलं नाही ते नाहीच.

त्या दिवशी वाराही सुटलेला. कार्यक्रम सुरू झाला, मी स्टुलावर बसून स्पीकरला कान लावला. पाचाला पाच कमी असताना वाद्यं थांबायला लागली. बासऱ्या थांबल्या, मग वरची तारवाद्यं, मग खालची. शांतता. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, आणि धाड्‌दिशी माझ्या पाठीमागची भिंत हादरली. हँगर खणाणले. खुंटीवरचे दोन बिल्ले खाली पडले.

आणि स्पीकरमधून आल्या त्या दोन सुट्या टाळ्या.

ढोल वाजलाच नव्हता. मी पडलेले बिल्ले हातात धरून उभी, आणि वर दोन हजार माणसं छप्पर डोक्यावर घेत होती. कुणीतरी वाहवा ओरडलं. मग सगळे ओरडले. नऊ मिनिटं टाळ्या चालल्या, मी घड्याळ लावून बघितलं. एवढ्या टाळ्या आमच्याकडे छप्पर गळायचं थांबलं तेव्हासुद्धा वाजल्या नव्हत्या.

गर्दी उतरली. कोट घेताना लोक डोळे पुसत होते. “शेवटचा तो ठोका! अंगावर काटा आला,” एक बाई म्हणाल्या. त्यांचे यजमान म्हणाले, “मी तर डोळेच मिटून घेतले होते.” सगळ्यांनीच मिटले होते. शांत संगीत आलं की आमचे श्रोते डोळे मिटतात, कळल्यासारखं दिसतं. साहेबांचे तर कायमच मिटलेले. उघडे होते ते फक्त वादकांचे, आणि वादक अशा बाबतीत कधी बोलत नाहीत. लवकर सुटलो यातच त्यांना आनंद असतो.

खिडकी रिकामी झाल्यावर मागच्या जिन्याने भिंगरी खाली आली. हातात अजून टिपरू होतं, टोकाला लोकरीचा गुंडा असलेलं.

“आई, मी वाजवलंच नाही.”

“माहितेय.”

“तुला कसं माहीत?”

“माझे हँगर वाजले ना. लाट होती ती. मग साहेबांना सांगितलंस का?”

ती स्टुलावर बसली. “साहेब माझ्यापर्यंत चालत आले गं. सगळ्यांदेखत दोन्ही हातांत माझा हात घेतला. म्हणाले, मी हात खाली आणायच्या आत वाजवलंस, ही मस्ती पुन्हा करू नकोस. पण असा ठोका चाळीस वर्षांत ऐकला नाही. नेमणुकीचं पत्र सोमवारी घेऊन जा.” ती टिपरूच्या लोकरीचे धागे उपटायला लागली. “मी तोंड उघडलं होतं आई, खरंच. पण पत्र म्हणाले आणि ते मिटलं.”

चार वर्षं मी तरी कुठे तोंड उघडलं होतं?

“पण बाबांनी असं का केलं?” तिचा आवाज चढला. “बाबा कधी चुकत नाहीत. माझ्याच वेळेला?”

तेवढ्यात हे आले. डोळे लाल, नाक लाल, चेहरा लग्नातल्यासारखा. आल्या आल्या लेकीला कवटाळलं आणि सुरू झाले. “काय वाजवलंस गं! आज मी ठरवलंच होतं, लेकीचा ठोका डोळ्यांनी बघायचा नाही, नुसता घ्यायचा. डोळे मिटून बसलो. आणि तो आला!”

भिंगरीने स्वतःला सोडवून घेतलं, कोटांच्या दांडीकडे तोंड केलं आणि स्पष्ट म्हणाली, “बाबा, तो मी वाजवला नव्हता.”

“आणि घुमला किती!” हे तिच्या पाठीकडे बघत म्हणाले. “अजून तळव्यात आहे बघ.”

ती तशीच उभी राहिली. मग आणखी एकदा, मोठ्याने, दांडीकडेच बघत म्हणाली, “बाबा, तुम्हाला ऐकू येतंय का?”

“माझ्या मागे बसणाऱ्या त्या पेढीवाल्या काकांनी तर माझा खांदा थोपटला,” हे म्हणाले.

ती वळली. ह्यांच्या पातळ बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पडलेले बिल्ले खुंटीला लावत होते; आधीच लावलेले काढून पुन्हा लावत होते. तिला कळलं. मग ती ह्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “आवडला ना, बाबा?”

मला त्या क्षणी पोरीचा इतका अभिमान वाटला, की मी ओरडून तिला कोट घालायला सांगितलं.

रविवारी सकाळी पेपरात अर्धं पान. समीक्षक महाशयांनी लिहिलं होतं की ढोलवादिकेने तो ठोका वाजवला नाही, समुद्राच्या पोटातून उपसून आणला. जन्मात पहिल्यांदा ते खरं बोलले, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. ह्यांनी कात्रण कापलं, तिसऱ्यांदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

भिंगरी लवकर आली होती. हे दाढी करायला गेले तशी मी म्हटलं, “आता सांगून टाकू. आज पुन्हा असं झालं तर?”

“आज भरती कधी?”

“सहाला दहा कमी. तुमचं त्याआधी आटपतं.”

“मग सांगू नकोस. त्यांना माझा एक तरी ठोका ऐकू आलाय.”

“अगं पण तो तुझा नव्हता.”

“त्यांना माझा वाटला ना?” ती म्हणाली. मी भांडी आदळली. त्याचा या घरात उपयोग नसतो, पण सवय.

शेवटी मी एक थाप रचली. साहेबांचा निरोप आहे, ह्यांना म्हटलं, आज विरेपर्यंत थांबायचं. ढोलवाली कातड्यावर पंजा ठेवेल तेव्हाच टाळी, डोळे उघडे ठेवा. ह्यांनी मान डोलावली. साहेबांचा शब्द म्हणजे ह्यांना वेदवाक्य.

दुपारी वारा पडला होता. स्पीकरमधून वाद्यं एकेक करून थांबली. मी मोजलं. सातावर ढोल आला. काय सांगू? तो मोठा नव्हता. पोरीने ढोलाला नुसतं जागं केलं, आणि तो आवाज स्पीकरच्या एवढ्याशा डब्यातून येऊन माझ्या छातीत बसला. महिनाभर ती जे शोधत होती ते तिला सापडलं होतं. आवाज विरला, सगळं स्तब्ध झालं, मग दोन सुट्या टाळ्या. अगदी वेळेवर. मी कुणाच्या तरी महागड्या कोटाच्या बाहीत तोंड खुपसून रडले, आणि बाही फडक्याने पुसून ठेवली.

टाळ्या चार मिनिटं चालल्या. कोट घेताना लोक एकमेकांना सांगत होते, छान झालं, पण काल असायला हवं होतं. साहेबांनी भिंगरीला जाता जाता सांगितलं, “चोख. पण काल होतं ते आज नव्हतं. शोध, सापडेल.”

आम्ही तिघं समुद्रकाठच्या रस्त्याने घरी निघालो. ऊन अजून होतं. कार्यक्रमाहून परतणारी माणसं आमच्या मागेपुढे रमतगमत चालली होती. भिंगरी मागे मागे रेंगाळत होती, म्हणून हे तिची समजूत काढायला लागले. “मनाला लावून घेऊ नकोस. आजचाही बरा होता. पण कालचा तो कालचा. तसं रोज रोज हातून होत नसतं, बाळ.”

समुद्राकडे बघत ती म्हणाली, “तो माझ्या हातून झालाच नव्हता, बाबा.”

“होईल होईल, पुन्हा होईल,” हे म्हणाले.

एवढ्यात खालच्या बांधावर लाट बसली. पाणी वर आलं नाही, पण रस्ता हादरला. हे थांबले. आपल्या बुटांकडे पाहू लागले. दुसरी लाट बसली, पहिलीपेक्षा मोठी. ह्यांनी समुद्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काल भरती किती वाजता होती गं?”

बत्तीस वर्षांत मी ह्यांना उलट उत्तरं पुष्कळ दिली, पण तोंड कधी फिरवलं नव्हतं. त्या वेळी फिरवलं. ह्यांना माझे ओठ दिसू नयेत म्हणून. त्यातूनच काय ते दिसलं.

ह्यांनी खिशातलं कात्रण काढलं, पाहिलं, परत ठेवलं. मग लेकीला म्हणाले, “म्हणजे तुझा तो आजचा.”

“हो, बाबा.”

“मी आजचा ऐकलाच नाही गं. मी तुझा हात बघत होतो.” ह्यांनी कात्रणाच्या खिशावर हात ठेवला. “बरा होता म्हणालो ते उगीच म्हणालो. मला काही कळलं नाही. मला ऐकू येत नाही, भिंगरे.”

“माहितेय. कालपासून.”

हे रस्त्याच्या मधोमध उभे. लोक वळसा घालून पुढे जात होते. भिंगरी ह्यांच्या मागे गेली, ह्यांच्या पाठीवर एक पंजा सपाट ठेवला, आणि दुसऱ्या हाताची बोटं ह्यांच्या डोळ्यांसमोर एकेक करून उघडायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. मूठ मिटून पुन्हा सहा, सात. मग मूठ मागे नेली आणि ह्यांच्या पाठीत एक ठोका दिला. जोरात नाही. दुपारी ढोलावर दिला होता तसाच. पाठीवरचा पंजा तिने तो ठोका विरेपर्यंत दाबून धरला आणि मग उचलला.

ह्यांचे डोळे मिटलेले होते. चांगली दोन श्वासांची वाट पाहून ह्यांनी हात वर केले. एक टाळी. मग दुसरी. दोन्ही सुट्या.

पुढे चाललेले लोक थबकले. काय झालं, कुठे झालं, कुणाला पत्ता नव्हता. समोर एक म्हातारा, एक मुलगी आणि छत्री घेतलेली एक बाई, एवढंच. पण सव्वीस वर्षांची सवय. आधी पेढीवाल्या काकांनी छडी काखेत मारून टाळी धरली, मग त्यांच्या मागच्यांनी, आणि बघता बघता अख्खा रस्ता टाळ्या वाजवायला लागला. आमच्या भिंगरीने मान खाली घातली आणि वाकून नमस्कार केला. मी छत्री खाली टाकली आणि मीही वाजवल्या.